भट्टीपुढची महानंदा

महानंदा,

तुला समाधीच्या खड्ड्यात बसवलं तेव्हा तुझी मान डावीकडं कलली. तुझ्या मामांनी ती सरळ केली. ती पुन्हा कलली. त्यांनी पुन्हा हात लावला, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका लावू सारखा हात, तिला नाही चालत. कपाळभर विभूती होती. गळ्याभोवती पांढरं कापड इतकं घट्ट गुंडाळलं होतं की तुला श्वास घ्यायला जड जाईल, असं मला खरोखर वाटून गेलं. स्वामी कन्नडमध्ये काही म्हणत होते. तुझी आई, तुझी अव्वा, रडत नव्हती. कडेला बसून ती मुठीत माती घेत होती आणि परत तिथंच सोडत होती.

अक्कलकोटच्या पुढचं तुझं गाव मी असं पहिल्यांदा पाहिलं. "ये की गं एकदा, आमच्याकडं कुणी खात न्हाय तुला," म्हणून किती वेळा बोलावलं होतंस.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या संशोधक विद्यार्थिनी. मी पेपर टेबलावर आपटला. शांत? तू? लॅबमधल्या शिपायापासून सरांपर्यंत सगळे तुला टरकून असायचे. मेल्यावर तुझ्यावरून असा बोळा फिरवायचा अधिकार यांना कुणी दिला?

आपली पहिली भेट भांडणातच झाली. एकच भट्टी, आणि आपण दोघी एकाच सरांच्या विद्यार्थिनी. तुझं काम तांबं घातलेल्या काचांच्या रंगावर, माझं त्याच काचांच्या आतल्या घडणीवर. बोरिक आम्ल, लिथियमचं कार्बोनेट, जस्ताचं ऑक्साइड आणि चिमूटभर काळी तांब्याची पूड, हे सगळं खलात घोटून मुशीत घालायचं आणि भट्टीत वितळवायचं. मी माझी मूस भट्टीत ठेवून चहाला गेले. परत आले तर ती बाहेर विटेवर थंड होऊन तडकलेली, आणि आत तुझी.

"माझी मूस कुणी काढली?"

"मी."

"का?"

"तू न्हवतीस. भट्टी काय तुझ्यासाठी रिकामी जळत बसंल व्हय?"

आठवडाभर आपण बोललो नाही. मग एका दुपारी तू माझ्यासमोर निळ्या काचेची चकती धरलीस. वितळलेला रस पितळी पत्र्यावर ओतून वरून दुसरा पत्रा दाबला होतास, आणि पहिल्यांदाच ती न फुटता निघाली होती. तोवर तुझ्या सगळ्या चकत्या फुटायच्या, कारण ओतल्यावर काच पुन्हा मंद आचेवर ठेवून हळूहळू निववावी लागते आणि तुला तेवढा धीर नसायचा. "बघ की," तू म्हणालीस, "आत टाकलं काळं, बाहेर आलं निळं. लाल उजेड सगळा खाऊन टाकतंय हे तांबं." तुझ्या हनुवटीला काजळी होती. मी हसले, आणि त्या दिवसापासून आपण चहाला एकत्र जायला लागलो.

तुला आठवतं, माझ्या प्रगतीच्या सादरीकरणाला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते? मी आलेख दाखवत होते, बोरॉनभोवती तीन ऑक्सिजन असतात तिथं लिथियम वाढवल्यावर चार कसे होतात, आणि ही घडण बदलली की तांब्याचा रंग कसा सरकतो. त्यांनी मधेच विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात? राहायला कुठं?" मी आडनाव सांगितलं, वस्तीचं नाव सांगितलं. ते सरांकडं बघून हसले आणि म्हणाले, "म्हणजे प्रवेश कसा झाला ते कळलं." मी लेझर पॉइंटर बंद केला. सर कागद चाळत राहिले. मागच्या रांगेतून तुझी खुर्ची सरकल्याचा करकरीत आवाज आला.

"सर, तिच्या आलेखात चूक काय हाय ते सांगा. नसंल तर गप बसून पुढचं ऐका."

सरांनी नंतर तुला केबिनमध्ये घेऊन झापलं. बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागले तर तू माझ्यावरच उखडलीस. "आभार कशाचे? तू का न्हाय बोललीस? तोंडात काच भरली होती काय?" पुढच्या वर्षी तेच गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, प्रश्न विषयावरचे असतील तर उत्तरं देईन. मागं तू बसली होतीस. तुझ्याकडं बघायची मला गरज पडली नाही. हे मी तुझ्याकडून घेतलं, महानंदा. माझ्या आईनं मला शिकवलं होतं की खाली मान घालून पदवी मिळवायची आणि मग बोलायचं. तू शिकवलंस की आधी बोलायचं.

तुझं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे नटूनथटून माळशिरसला आलो होतो. श्रीशैल देखणा होता, हे कबूल करायला हवं. ऊस, ट्रॅक्टर, मोटरपंपांचं दुकान. मांडवात त्यानं सरांना नमस्कार करून सांगितलं, "हिचं शिक्षण पुरं झाल्याशिवाय मी हिला घरात डांबणार न्हाय." सर केवढे खूश झाले.

मग तू सोमवारी सोलापूरला येऊन शुक्रवारी परत जायला लागलीस. एका सोमवारी तुझा गाल सुजलेला होता. "भट्टीचं दार लागलं," तू म्हणालीस. भट्टीचं दार शुक्रवारपासून बंद होतं. मी तसं म्हणाले तर तू खल इतक्या जोरात घोटायला लागलीस की बत्त्याचा टवका उडाला. मग म्हणालीस, "मी बी दिली त्याला. तवा घातला डोक्यात. टाके पडले." आणि हसलीस. तुझं ते हसणं मला आवडलं नाही. त्याला टाके पडल्याचा मला आनंद झाला, पण घरी जाताना रिक्षात मला त्याची अंगकाठी आठवत राहिली. तो तुझ्यापेक्षा दुप्पट होता. आणि त्याच्या बाजूनं अख्खं घर होतं.

त्याला काय हवं होतं, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तू भाकरी करायचीस, सासूचे पाय चेपायचीस. त्याचं एकच म्हणणं असायचं, "तिकडं भट्टीपुढं कोणासंगं असतीस?" काचा दिसतील म्हणून तू त्याला फोटो दाखवलेस. फोटोत कडेला सरांचा हात होता. त्या हातावरून तुझी बोटं मोडली. त्यानं तुझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. तशा हातानं तू एसटीत बसून सोलापूरला आलीस आणि परत गेली नाहीस.

दोन बोटं वाकडी जुळली. सांडशी धरता येईना. भट्टीतून पांढरी तापलेली मूस काढायची तर पकड पक्की लागते. तू डाव्या हातानं शिकलीस. थंड मुशीत पाणी भरून लॅबभर फिरायचीस, पाणी सांडलं की कन्नडमध्ये शिव्या द्यायचीस. मी मदतीला आले की खेकसायचीस, "हो त्या बाजूला!"

मग तो आला. थोरल्या भावाला घेऊन, भर दुपारी. सर बैठकीला गेले होते. मी खिडकीजवळ वर्णपटमापकावर काम करत होते आणि तू भट्टी उघडण्याच्या तयारीत होतीस.

"चल घरला," श्रीशैल म्हणाला. "लई झालं."

"न्हाय येत. जा."

त्याची नजर टेबलावरच्या मोठ्या काचेच्या बरणीवर गेली. तिच्यात ओल लागू नये म्हणून ठेवलेल्या तुझ्या सगळ्या चकत्या होत्या, फिकट निळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत. तीन वर्षांचं काम. "ह्या तुकड्यांसाठी नवरा सोडलीस व्हय?" असं म्हणून त्यानं बरणी उचलली आणि भिंतीवर मारली. मग जमिनीवरच्या चकत्या बुटानं चिरडल्या, एकेक. भावानं माझा दंड धरला होता. मी ओरडत होते, पण त्या मजल्यावर दुपारी कुणी नसायचं.

तू ओरडली नाहीस. तू भट्टीचं दार उघडलंस. सगळी खोली नारिंगी झाली. डाव्या हातातल्या सांडशीनं तू मूस बाहेर काढलीस आणि त्याच्याकडं वळलीस. तुझं तोंड त्या उजेडात मला ओळखू येईना.

"ये," तू म्हणालीस. "ये की पुढं. धर माझा हात."

तो एक पाऊल आला. तू रस ओतलास, त्याच्या पायांपुढं, फरशीवर. फरशी बार उडाल्यासारखी फुटली. त्याच्या बुटाचं रबर जळाल्याचा वास सुटला. भाऊ मला सोडून दारापाशी पळाला. श्रीशैल तिथंच उभा राहून तुला शिव्या देत होता, पण त्याचा आवाज फाटला होता. मुशीत अजून थोडा रस होता आणि तू ती तशीच धरून होतीस. ते दोघे गेले.

आपण दोघी फरशीकडं बघत उभ्या राहिलो. थंड होणारी काच ताडताड तडकत होती, तिचे कण उडत होते. मला रडू येत होतं. तू वाकून म्हणालीस, "प्रज्ञे, बघ. ह्यात बी निळी आली."

त्या क्षणी मी तुला मिठी मारली असती, पण तुझ्या हातात अजून ती मूस होती.

सर परतले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे संस्थेचं आवार आहे. घरगुती भांडणं बाहेर मिटवा. काही दिवस तुम्ही येऊ नका." 'तुम्ही' म्हणजे तू. तोडफोड करणाऱ्याला कुणी काही म्हणालं नाही. मी सरांशी वाद घातला, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबला पोचले तर सर दारात उभे आणि तू आत, भट्टी पेटवलेली.

"सर, फरशी मी बदलून घेते. आत या, दार लावा, वारं येतंय."

सर आत आले. दार लावलं. त्यांना तुझी भीती वाटली की लाज, मला माहीत नाही.

आपण मिळून पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी तुझी वाकडी बोटं पाहिली आणि म्हणाले, "ताई, संसार आहे. भांड्याला भांडं लागणारच. त्यांना बोलावून समज देतो." समज दिली असेल. पुढं काही महिने तो आला नाही, आणि त्या महिन्यांत तू वेड्यासारखं काम केलंस. चिरडलेल्या सगळ्या काचा पुन्हा केल्यास. आणि एक नवीन केलीस.

त्या नव्या काचेत तू तांब्याबरोबर कथिलाचं ऑक्साइड घातलंस. ओतली तेव्हा ती बिनरंगी निघाली. तांब्यानं एक इलेक्ट्रॉन घेतला की त्याचा निळा रंग जातो, हे दोघींनाही माहीत होतं. मग तू ती पुन्हा तापवलीस, या वेळी धीर धरून, आणि ती लालबुंद झाली. कुंकवासारखी नाही, जखमेसारखी. त्या काचेवरून आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. तू म्हणायचीस, आत धातूचं तांबं आहे, डोळ्याला न दिसणारे बारीक कण. मी म्हणायचे, तांब्याच्या ऑक्साइडचे स्फटिक आहेत, तेही लालच दिसतात. प्रकाश शोषल्याच्या आलेखातलं टोक तुझ्या बाजूनं होतं. मी म्हणायचे, टोक पुरेसं नाही. "तुला काचेच्या आतलं सगळं कळतं, तरी डोळ्यांपुढचं दिसत न्हाय!" तू टेबलावर हात आपटत म्हणायचीस. नमुना बाहेरगावी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवला. तो अहवाल आला, महानंदा. तू गेल्यानंतरच्या आठवड्यात. कण धातूचेच आहेत. पण काहींच्या भोवती ऑक्साइडची पातळ साल दिसते. म्हणजे तू जिंकलीस, पण मी पूर्ण हरले नाही, आणि ती साल आधीची की हवा लागून नंतर आलेली, यावर आपण अजून सहा महिने भांडलो असतो. मी एकटीच ते चित्र बघत बसते. मला तुझा तो आपटलेला हात हवा आहे. मला शिव्या हव्या आहेत.

आता नवी पेठ, बाजारातली ती दुपार.

प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणासाठी तुला साडी घ्यायची होती. "काळी नको, निळी नको, लोक म्हणतील नमुनाच नेसून आली," तू म्हणालीस. दुकानात मी एक पिवळी उलगडून बघत होते. तुझा फोन वाजला, आत ऐकू येईना म्हणून तू पायरी उतरलीस. दुपारची गर्दी. मला तुझी पाठ दिसत होती. मग तो दिसला. हातात ऊसतोडीचा कोयता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कागद खाली पडला.

पहिला वार खांद्यावर बसला. तू वळलीस आणि त्याच्या तोंडावर मोबाइल मारलास, तो त्याच्या नाकाला लागला, रक्त आलं. हे मी पाहिलं. माणसं मागं सरकली आणि एक मोकळं गोल रिंगण झालं, जसं गारुड्याभोवती होतं. हातात फोन धरलेली माणसं. मी पायऱ्यांवरून खाली येईपर्यंत त्यानं दुसरा घातला, मानेवर. तू त्याचं मनगट धरलंस, मोडक्या बोटांनी. मी त्याच्या पाठीवर पडले, त्यानं कोपरानं मला उडवलं. माझं डोकं पायरीवर आपटलं. तिसरा.

मग त्या गर्दीत एक रिक्षा घुसली. हॉर्न नाही, काही नाही, सरळ त्याच्या अंगावर. तो आडवा झाला, कोयता उडाला. पिकलेल्या दाढीचा रिक्षावाला खाली उतरून ओरडत होता, "देखते क्या खडे रे! पकडो उसको! हाथां नई क्या तुमको?" तेव्हा कुठं लोकांना हात आले. तो पडल्यावर सगळे त्याला लाथा घालायला धावले.

रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती पिवळी साडी मी तुझ्या मानेवर दाबून धरली होती, ती माझ्या हातात कशी राहिली कोण जाणे. तुझं रक्त गरम होतं, महानंदा. इतकं गरम असतं हे मला माहीत नव्हतं. तू पाय झाडत होतीस. तू मला पाहिलंस आणि विचारलंस, "घावला का?"

"घावला."

"मारला का त्याला?"

"मारताहेत."

तू काही बोललीस, कन्नडमध्ये. मला कळलं नाही. रिक्षावाले यासीनभाई रस्ताभर लोकांना शिव्या देत होते आणि रडत होते. दवाखान्याच्या फाटकापाशी तू पाय झाडायचं थांबलीस.

तू अव्वाला हाक मारलीस की त्याला शिवी दिलीस, मी कुणाला विचारू? मला फक्त आवाज आठवतो. मी तो अव्वाला म्हणून दाखवला नाही.

त्यानंतर लोक माझ्याकडं यायला लागले. त्याचा चुलता येऊन बसला आणि म्हणाला, "पोरगी तापट होती हे खरं का न्हाय, तेवढंच सांगा. बाकी देवाघरचं." मी त्याला हाकललं. पण कालच मला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं, आणि तिथंही तोच प्रश्न निघाला. जबाब घेणारे फौजदार तरुण होते, नीट बोलणारे. यासीनभाई आधीच बाहेर बाकावर बसले होते. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतः आले होते. फौजदार म्हणाले, "आरोपीचं म्हणणं आहे की त्याला तिच्यापासून धोका होता. तिनं त्याच्यावर वितळलेली काच फेकली, डोक्यात तवा घातला. मला विचारावंच लागेल. स्वभावानं कशा होत्या त्या?"

माझ्या डोळ्यांपुढं पेपरातली ओळ आली. मनमिळाऊ आणि शांत. तेवढं म्हटलं असतं तर सोपं होतं.

"तापट होती," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"हट्टी होती. हात उचलायची. मलासुद्धा तिनं एकदा कानाखाली मारली आहे, तक्रार कर म्हणून मी मागं लागले होते तेव्हा. माझा कान दिवसभर वाजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी होती, चल म्हणाली, तक्रार करू. तवा घातला, खरं आहे. काच ओतली, तेही खरं आहे, फरशीवर ओतली, मी तिथं होते. हे सगळं लिहा, साहेब. एक शब्द गाळू नका."

ते लिहीत होते. मी त्यांचं पेन थांबेपर्यंत थांबले.

"आणि आता पुढं लिहा. तिच्या हातून कुणी मेलं नाही."

त्यांनी तेही लिहिलं. मी सगळं वाचून पाहिलं आणि सही केली.